संगणकाचे कॅबिनेट आणि मदरबोर्ड : वहिवाटीपासून संहितेपर्यंत

१. विषयाची मर्यादा

संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे वेधले गेलेले आढळते. एक, प्रोसेसरचा उत्तरोत्तर वाढत गेलेला वेग. आणि दुसरी, निरनिराळ्या कार्यप्रणालींची आपसांतील स्पर्धा. ज्या पत्र्याच्या पेटीत हे सर्व सामावलेले असते, तिच्याकडे मात्र इतिहासकाराने क्वचितच वळून पाहिले आहे. आपल्याकडील बाजारात ह्या पेटीला ‘कॅबिनेट’ म्हणतात. नित्याच्या बोलण्यात तर सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पेटीचे स्वतंत्र अस्तित्व आपल्या ध्यानीमनीही नसते, ह्याचाच हा पुरावा होय.

वस्तुतः कोणत्या कॅबिनेटमध्ये कोणता मदरबोर्ड बसेल, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. बोर्डावरील छिद्रे आणि पेटीतील आधारबिंदू एकमेकांशी जुळतात, तेव्हा दोन निरनिराळ्या देशांतील, एकमेकांना न ओळखणाऱ्या कारखान्यांनी एकच माप मानलेले असते. हे माप कोणी ठरविले, कोणत्या अधिकाराने ठरविले, आणि इतरांनी ते का मान्य केले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर यंत्राच्या मालकाचा एक व्यावहारिक हक्कही अवलंबून आहे. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलावा, की सबंध यंत्र मोडीत काढावे, हे शेवटी ह्या मापांवरून ठरते. प्रस्तुत लेखात वैयक्तिक संगणकापुरता ह्या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. प्रमाणापूर्वीचा काळ

१९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र झळकले. अल्बुकर्क येथील ‘मिट्स’ ह्या कंपनीचे हे यंत्र धातूच्या पेटीत बसविलेले असे. मात्र आजच्या अर्थाचा मदरबोर्ड त्यात नव्हता. शंभर संपर्कबिंदूंच्या खाचा असलेला एक पाठफलक, आणि त्या खाचांत उभी बसविलेली प्रोसेसर, स्मृती वगैरेंची निरनिराळी कार्डे, अशी त्याची रचना होती. पुढे इतर कंपन्यांनीही ह्याच खाचांसाठी कार्डे बनविली आणि ही पद्धती ‘एस-१००’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिला अधिकृत मानकाचे रूप मिळाले ते १९८३ मध्ये. पण तोवर बाजार दुसरीकडे वळला होता.

१९७६ चा ‘ॲपल १’ ह्याच्या अगदी उलट टोकाचा. तो विकला जाई तो केवळ जोडलेला बोर्ड म्हणून. पेटी, कळफलक आणि वीजपुरवठ्याची सोय ग्राहकाने आपली आपण करावयाची होती, आणि कित्येकांनी त्यासाठी लाकडी पेट्या करून घेतल्या. म्हणजे एका यंत्रात पेटी होती पण सलग बोर्ड नव्हता, तर दुसऱ्यात बोर्ड होता पण पेटी नव्हती. १९७७ च्या ‘ॲपल २’ मध्ये दोन्ही एकत्र आले खरे. परंतु ती प्लास्टिकची पेटी त्या एकाच बोर्डासाठी घडविलेली होती. एकाची पेटी दुसऱ्याच्या बोर्डाला चालावी, ही कल्पनाच अद्याप कोणाच्या मनात नव्हती.

३. आयबीएमची मापे आणि नकलाकारांची वहिवाट

ही कल्पना रुजली ती योजनेने नव्हे, तर अनुकरणाने. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच्या बोर्डावर विस्तारकार्डांसाठी पाच स्लॉट होते व दोन स्लॉटांतील अंतर एक इंच होते. मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘एक्सटी’ ह्या पुढील यंत्रात स्लॉटांची संख्या आठ झाली, आणि जवळजवळ तेवढ्याच जागेत ते बसावेत म्हणून त्यांतील अंतर ०.८ इंचावर, म्हणजे २०.३२ मिलिमीटरवर आले. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढील विवेचनात तो पुन्हा भेटणार आहे.

आयबीएमने आपल्या यंत्राची तांत्रिक पुस्तिका मंडलाकृतींसह प्रसिद्ध केली होती. बायोस ह्या मूलभूत आज्ञावलीवरील हक्क मात्र तिने राखून ठेवला होता. कॉम्पॅक कंपनीने नोव्हेंबर १९८२ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलेल्या बायोसवर चालणारे यंत्र जाहीर केले, आणि १९८४ पासून फीनिक्स कंपनी असा बायोस इतरांना विकू लागली. हा अडसर दूर होताच ‘आयबीएम-सुसंगत’ यंत्रांचा पूर आला, आणि तैवानमधील कारखाने ह्या उद्योगाचे प्रमुख केंद्र बनले.

ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमचे ‘एटी’ हे यंत्र आले. त्याचा बोर्ड सुमारे १२ इंच रुंद व १३.८ इंच लांब असा ऐसपैस होता. नकलाकारांनी त्याची छिद्रे, स्लॉटांच्या जागा आणि कळफलकाच्या जोडणीचे स्थान ही सर्व जशीच्या तशी उचलली. चिप्सची संख्या घटून बोर्ड लहान करता येऊ लागला, तेव्हा ८.५ इंच रुंदीचा व जास्तीत जास्त १३ इंच लांबीचा ‘बेबी एटी’ प्रचारात आला. त्याचीही छिद्रे एटीच्याच पेटीत जुळत. मोठ्या पेटीत लहान बोर्ड बसावा, लहान पेटीत मोठा बसू नये, हा आज स्वयंसिद्ध वाटणारा नियम येथे प्रथम व्यवहारात आला.

ह्या सर्व काळात ‘एटी’ नावाची लिखित संहिता कोणीही सर्वांसाठी घालून दिलेली नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या वतनांच्या इतिहासात हक्काला पुष्कळदा सनदेपेक्षा वहिवाटीचाच आधार असे. तसाच हा प्रकार होता. आयबीएमने तसे केले होते, म्हणून इतर तसे करीत. आणि इतर तसे करीत होते, म्हणून नव्याने येणाऱ्यालाही तसेच करणे भाग होते.

४. वहिवाटीतील दोष

वहिवाटीला एक मोठी उणीव असते. तिच्यातील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो. बेबी एटी बोर्डावर प्रोसेसर विस्तार-स्लॉटांच्या रांगेत समोरच्या बाजूस येत असे. १९९० नंतर प्रोसेसरवर उष्णताशोषक आणि पंखा बसविण्याची गरज पडू लागली, तेव्हा लांब कार्डे त्यांच्यावर अडू लागली. बोर्डाच्या मागील कडेला कायमची जडवलेली जोडणी काय ती कळफलकाची. छापयंत्र, मोडेम इत्यादींच्या जोडण्या चपट्या केबलींनी पेटीच्या मागील पत्र्यापर्यंत न्याव्या लागत. वीजपुरवठा दोन सहापदरी जोडण्यांनी होई. ह्या दोन जोडण्या शेजारीशेजारी बसवताना त्यांच्या काळ्या तारा मध्यभागी एकत्र याव्या लागत. उलट बसविल्यास बोर्ड जळण्याचा धोका असे. जुळणी करणाऱ्या प्रत्येक कारागिराला ‘काळ्याला काळी’ हा नियम तोंडपाठ ठेवावा लागे, ह्यातच त्या रचनेचा दोष स्पष्ट होतो.

ह्याच सुमारास पेट्या बसक्या करण्यासाठी वेस्टर्न डिजिटल कंपनीने १९८७ मध्ये ‘एलपीएक्स’ ही रचना आणली. तिच्यात बोर्डाच्या मध्यावर एक उभे कार्ड बसवून विस्तारकार्डे त्यात आडवी खोवली जात. कल्पना चांगली होती. परंतु त्या उभ्या कार्डाची नेमकी जागा सर्वांनी मिळून कधीच निश्चित केली नाही. परिणामी एका कंपनीचा एलपीएक्स बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या एलपीएक्स पेटीत बसेलच अशी खात्री नसे. नाव एक, पण माप निराळे, अशी ही स्थिती होती. बोर्ड बिघडला की मालकाला मूळ विक्रेत्याकडेच जावे लागे, नाहीतर पेटीसह यंत्र टाकून द्यावे लागे.

५. एटीएक्सची संहिता

जुलै १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ ही रचना लिखित स्वरूपात प्रसिद्ध केली. तिचे स्थूल स्वरूप असे : बोर्ड १२ इंच रुंद व ९.६ इंच खोल, म्हणजे ३०५ × २४४ मिलिमीटर. बेबी एटी बोर्ड पेटीत नव्वद अंशांनी फिरवावा, तसा तो दिसतो. त्यामुळे प्रोसेसर स्लॉटांच्या मार्गातून बाजूला सरला व वीजपुरवठ्याजवळ आला. मागील सर्व जोडण्या एकत्र करून त्यांच्यासाठी पेटीत १५८.७५ × ४४.४५ मिलिमीटरची एक खिडकी ठेवण्यात आली, आणि प्रत्येक बोर्डाबरोबर त्या खिडकीचा निराळा पत्रा येऊ लागला. दोन जोडण्यांच्या जागी वीस संपर्कांची, उलट बसूच न शकणारी एकच वीजजोडणी आली.

खिडकीची ही युक्ती विशेष विचारात घेण्याजोगी आहे. पुढील पंचवीस-तीस वर्षांत कोणत्या जोडण्या येतील, हे १९९५ मध्ये कोणालाच सांगता आले नसते. संहिताकारांनी जोडण्या निश्चित केल्याच नाहीत. त्यांनी केवळ मोकळी जागा निश्चित केली. तिच्यात काय भरावयाचे हे प्रत्येक बोर्डावर सोपविले. म्हणूनच छापयंत्राच्या जुन्या रुंद जोडणीसाठी बनलेल्या पेटीत आजचा यूएसबी-सी चा बोर्डही बसू शकतो. जे बदलणार ते मोकळे सोडावे आणि जे टिकावयाचे तेवढेच बांधावे, हे एटीएक्सच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण होय.

दुसरे कारण म्हणजे ह्या संहितेने जुन्या वहिवाटीला सर्वस्वी तोडले नाही. स्लॉटांतील ०.८ इंचाचे अंतर तिने तसेच ठेवले. संक्रमणकाळात एटी व एटीएक्स दोन्ही बोर्ड घेणाऱ्या पेट्याही बाजारात होत्या.

संहितेतील सर्वच तरतुदी टिकल्या, असे मात्र नाही. प्रारंभी वीजपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडावी, अशी कल्पना होती. ही हवा वीजपुरवठ्यातून येताना स्वतःच तापलेली असे, म्हणून ती मागे पडली. वीजजोडणीतही भर पडली. २००० मध्ये प्रोसेसरसाठी चार संपर्कांची स्वतंत्र बारा व्होल्टची जोडणी आली, आणि २००३ मध्ये मुख्य जोडणी वीसवरून चोवीस संपर्कांची झाली.

६. लहान बोर्डांचे कुटुंब

डिसेंबर १९९७ मध्ये इंटेलने ‘मायक्रोएटीएक्स’ प्रसिद्ध केला. त्याचे माप २४४ × २४४ मिलिमीटर असून सातांऐवजी चार स्लॉट होते. ह्याची छिद्रे बहुतांशी एटीएक्सचीच होती. बोर्ड आखूड झाल्यामुळे ‘आर’ व ‘एस’ ह्या अक्षरांनी दर्शविलेली दोन छिद्रे तेवढी नवी घालावी लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने १७० × १७० मिलिमीटरचा ‘मिनी-आयटीएक्स’ पुढे आणला. एका स्लॉटाच्या ह्या बोर्डाला चारच छिद्रे आहेत, आणि ती चारही एटीएक्सच्या छिद्रांशी जुळतात. प्रतिस्पर्धी कंपनीनेही इंटेलच्याच छिद्रांचा आधार घ्यावा, ही गोष्ट संहितेचे बळ सांगण्यास पुरेशी आहे.

ह्या कुटुंबातील सर्व बोर्डांची मागील कड आणि जोडण्यांची खिडकी एकाच ठिकाणी असते. आकार घटतो तो समोरच्या व स्लॉटांच्या बाजूने. म्हणून एटीएक्सच्या पेटीत मायक्रोएटीएक्स व मिनी-आयटीएक्स सुखाने बसतात. मात्र बसविणाऱ्याने पेटीतील पितळी स्टँडऑफ त्या त्या बोर्डाच्या छिद्रांनुसार हलविले पाहिजेत. छिद्र नसलेल्या जागी राहून गेलेला एखादा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट सर्किट घडवून आणू शकतो.

मोठ्या बोर्डांच्या बाबतीत मात्र ही शिस्त आढळत नाही. ‘ई-एटीएक्स’ ह्या नावाने मूलतः ३०५ × ३३० मिलिमीटरचा बोर्ड समजला जातो. पण २४४ मिलिमीटरपेक्षा थोड्याशाच अधिक खोलीचे बोर्डही त्याच नावाने विकले जातात. एलपीएक्सचा जुना दोष येथे पुन्हा डोके वर काढतो. म्हणून ह्या प्रकारात नावावर विसंबून न राहता मिलिमीटरांत माप पाहणे अवश्य ठरते.

७. बीटीएक्सचे अपयश

संहिता करणाऱ्यालाच आपली संहिता बदलता येते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर बीटीएक्सच्या प्रकरणात मिळते. पेंटियम ४ प्रोसेसरांची उष्णता वाढत चालली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या ‘प्रेस्कॉट’ ह्या पिढीतील काही प्रोसेसरांची औष्णिक मर्यादा ११५ वॅटपर्यंत गेली. ह्यावर उपाय म्हणून इंटेलने २००३ मध्ये ‘बीटीएक्स’ जाहीर केला होता. त्यात प्रोसेसर पेटीच्या समोरच्या बाजूस एका मोठ्या पंख्यामागे ठेवून हवेचा सरळ प्रवाह सर्व उष्ण भागांवरून मागे नेलेला होता. जड उष्णताशोषकाचा भार पेलण्यासाठी बोर्डाखाली पोलादी आधारही दिलेला होता. उष्णतेच्या दृष्टीने ही रचना सरस होती. डेल व गेटवे ह्यांसारख्या सबंध यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी ती वापरलीही. तरीही सप्टेंबर २००६ मध्ये इंटेलने तिचा पुढील विकास थांबविण्याचे जाहीर केले.

ह्या अपयशाची तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे, ज्या उष्णतेसाठी ही रचना जन्मली ती उष्णताच घटली. जुलै २००६ मध्ये आलेल्या ‘कोअर २’ मालिकेतील नेहमीच्या प्रोसेसरांची मर्यादा ६५ वॅट होती. दुसरे, एएमडी कंपनीने २००३ पासून स्मृतिनियंत्रक प्रोसेसरातच घातला होता; त्यामुळे प्रोसेसर व स्मृती परस्परांजवळ ठेवणे तिला आवश्यक होते, आणि बीटीएक्सची मांडणी तिला सोयीची नव्हती. तिसरे, बीटीएक्स बोर्ड एटीएक्स पेटीत बसत नव्हता आणि एटीएक्स बोर्ड बीटीएक्स पेटीत.

ह्यांपैकी पहिले कारण निकटचे आहे, ह्यात शंका नाही. परंतु ते एकटे पुरेसे नाही. उष्णता घटल्यामुळे बीटीएक्स अनावश्यक झाला असेल. निरुपयोगी झाला नव्हता. त्याचा वीजपुरवठा तर एटीएक्सचाच चालत असे, तेव्हा त्या बाजूनेही अडचण नव्हती. खरा अडसर होता तो लोकांच्या घरी व दुकानदारांच्या फळ्यांवर असलेल्या लक्षावधी पेट्यांचा. सबंध यंत्र विकणाऱ्याला पेटी बदलणे सोपे होते, म्हणून त्याने बीटीएक्स स्वीकारला. सुटे भाग घेऊन यंत्र जुळविणाऱ्याला ते परवडणारे नव्हते, म्हणून त्याने नाकारला. १९९५ मध्ये वहिवाटीतील दोष असह्य झाले होते, म्हणून संहिता जिंकली. २००४ मध्ये ती संहिताच वहिवाट बनली होती, आणि तिच्यातील दोष अजून सोसण्याजोगे होते. दोन प्रसंगांतील भेद हाच होय.

८. आपल्याकडील जुळणीचा धंदा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे वाढलेला ‘असेंबल्ड’ संगणकांचा धंदा ह्याच मापांच्या जोरावर उभा राहिला. कॅबिनेट एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्यातून आणि एसएमपीएस तिसऱ्यातून आणून संध्याकाळपर्यंत यंत्र चालू करून देणारा कारागीर ही संहिता वाचलेला असेलच असे नाही. परंतु ती त्याच्या हातात मुरलेली असते. मोठ्या कंपनीचे तयार यंत्र न परवडणाऱ्या कुटुंबांत संगणक पोचविणाऱ्या मार्गांपैकी हा एक प्रमुख मार्ग होता. छिद्रांची जागा ठरविणारा एक तांत्रिक दस्तऐवज सामाजिक परिणाम कसा घडवितो, ह्याचे हे जवळचे उदाहरण होय.

९. आजची स्थिती आणि निष्कर्ष

आज बोर्ड पेटीत बसतो. अडते ते दुसरेच. संहितेने बोर्डाचे दोन परिमाणांतील माप बांधले, परंतु त्यावर पुढे काय उभे राहील हे तिच्या कल्पनेपलीकडचे होते. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा हवेने थंड करणारा कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे. २०२२ मध्ये आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे चित्रकार्ड कंपनीच्या स्वतःच्या आवृत्तीत ३०४ मिलिमीटर लांब असून त्याची वीजमर्यादा ४५० वॅट आहे. त्याची जाडी ६१ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन स्लॉटांची. १९८३ मध्ये आठ कार्डे दाटीने बसविण्यासाठी निवडलेले ०.८ इंचाचे अंतर चाळीस वर्षांनंतरच्या अशा यंत्राची जाडी ठरविते. मापांचा इतिहास किती चिवट असतो, ह्याचा ह्याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

ह्यावरून कॅबिनेट निवडण्याचा क्रमही निघतो. प्रथम बोर्डाचा प्रकार व त्याचे मिलिमीटरांतील माप पाहावे. नंतर कूलरची उंची, चित्रकार्डाची लांबी व जाडी, आणि शेवटी वीजपुरवठ्याचा प्रकार. पहिली बाब संहितेने सुरक्षित केलेली आहे. उरलेल्या बाबींत प्रत्येक पेटीकाराचे माप निराळे, म्हणून त्या त्या पेटीच्या माहितीपत्रकावरून ताडून घ्याव्या लागतात.

२०२३–२४ च्या सुमारास असूस, एमएसआय आदी कंपन्यांनी वीजजोडण्या बोर्डाच्या पाठीमागे नेणारे बोर्ड बाजारात आणले. त्यांना पेटीच्या पत्र्यात जादा छिद्रे लागतात. प्रत्येक कंपनी आपले निराळे नाव व आपली निराळी छिद्ररचना घेऊन पुढे येते, तेव्हा एलपीएक्सची आठवण होणे स्वाभाविक आहे. ह्या नव्या मांडणीचे भवितव्य तिच्या सुबकपणावर ठरणार नाही. एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बसतो की नाही, ह्यावर ते ठरेल.

शेवटी अभ्यासकांस एक सूचना करावीशी वाटते. ह्या इतिहासाची साधने दप्तरखान्यात नसून भंगाराच्या दुकानांत आहेत. बेबी एटीची पेटी, एलपीएक्सचे उभे कार्ड, बीटीएक्सचा उलटा सांगाडा ह्या वस्तू आज वजनावर विकल्या जाऊन वितळविल्या जात आहेत. ताम्रपट वितळले की लेखही जातो, हे आपल्या विद्याशाखेने पूर्वी अनुभवलेले आहे. विभागाने अशा पेट्यांचे काही नमुने मापे, वर्षे व मूळ मालकांच्या नोंदींसह जतन करून ठेवले, तर पुढील पिढीतील संशोधकाला ह्या विषयाचे प्रथम दर्जाचे साधन हाती लागेल.